हुकूमनाम्यातली प्रतिवादी क्रमांक 2

जामीनदार म्हणजे कर्जदाराच्या मागे उभा असलेला माणूस, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. बँक आधी कर्जदाराला गाठणार, त्याची गाडी ओढून नेणार, जमीन विकणार, आणि एवढं करूनही काही बाकी राहिलंच तर आपल्या दाराशी येणार. कायद्यात अशी रांगच नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 म्हणतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. माझ्या वकिलांनी पहिल्याच भेटीत हे ऐकवलं होतं आणि मी मान डोलावली होती. त्याचा खरा अर्थ पुढे पगाराच्या स्लिपवर दिसला.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. 2014 साली माझ्या मावसभावाने, घरात आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणतो, मालवाहू टेम्पोसाठी एका बँकेकडून सात लाखांचं कर्ज काढलं. बँकेला दोन जामीनदार हवे होते आणि त्यातला एक पगारदार. पगारदार मी, दुसरे आप्पाच्या ओळखीचे एक द्राक्षबागायतदार. सुरुवातीला हप्ते वेळेवर जात होते. हंगामात द्राक्षाच्या पेट्या, मग बेदाणा, मग हळद, गाडी रिकामी म्हणून उभी राहत नव्हती. 2016 च्या नोटबंदीनंतर भाडी थंडावली, पाठोपाठ इंजिनाचं मोठं काम निघालं आणि हप्ते तुंबत गेले. आप्पा बुडवायच्या विचाराचा माणूस नव्हे. पण बँकेचा फोन आला की उचलायचा नाही ही सवय त्याला लागली आणि तिथून पुढचं सगळं बिघडलं.

2019 मध्ये समन्स आलं. रक्कम वीस लाखांच्या आतली, त्यामुळे प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे न जाता दिवाणी न्यायालयात आलं आणि पाच लाखांच्या वरची म्हणून वरिष्ठ स्तरावर. प्रतिवादी क्रमांक 1 आप्पा, 2 मी, 3 बागायतदार. मागणी 6,12,000 रुपयांची: मुद्दल 4,80,000 आणि तोवरचं व्याज 1,32,000.

मी वकीलपत्र दिलं, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली. मुद्दे दोन होते. एक, टेम्पो बँकेकडे तारण आहे, आधी तो विका. दोन, मध्यंतरी बँकेने आप्पाला हप्ते लांबवून दिले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. दुसरा मुद्दा मला भक्कम वाटत होता, कारण कलम 135 प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराला मुदतवाढीचं वचन दिलं तर जामीनदार मोकळा होतो. बँकेच्या वकिलांनी माझ्या हमीपत्राची प्रत काढली. बारीक छपाईच्या एका परिच्छेदात कलम 133, 134, 135 आणि आणखी काही कलमांचा फायदा घेणार नाही, असं मी आधीच लिहून दिलेलं होतं. छापील नमुना तो, जवळपास प्रत्येक बँकेच्या हमीपत्रात हा परिच्छेद असतोच. म्हणजे कायद्याने जामीनदाराला दिलेली ढाल सही करतानाच काढून ठेवलेली असते. संमतीच्या नावाखाली हे चालतं ते मला आजही पटत नाही. पण कायद्यात ते बसतं.

पहिला मुद्दा तर त्याहून लवकर संपला. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की धनकोने आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत, मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन नाही. तसं असेल तर हमी घेण्याचा हेतूच फसतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र. बँकेच्या बाजूने बघितलं तर ते चुकीचंही नाही.

आप्पा कोर्टात हजरच झाला नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी चाललं. मधे कोरोनाची दोन वर्षं तारखांतच गेली. 2022 मध्ये हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम हुकूम, झाला: तिन्ही प्रतिवादींनी संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या, म्हणजे पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून वसूल करता येईल अशा रीतीने, 6,12,000 द्यावेत, शिवाय दाव्याच्या तारखेपासून मुद्दलावर दरसाल 12 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34 प्रमाणे हुकूमनाम्यानंतरचं व्याज साधारणपणे 6 टक्क्यांच्या वर जात नाही. पण कर्ज धंद्यासाठी असेल तर कोर्ट जास्त दर लावू शकतं, आणि टेम्पो धंद्यासाठीच होता. व्याजावरून माझे वकील बरंच भांडले, निघालं काही नाही.

आता गंमत बघा. तिघांवर सारखाच हुकूम. आप्पाचा पत्ता बदललेला, टेम्पो जिल्ह्याबाहेर कुठे तरी. बागायतदारांची जमीन आहे, पण जमीन जप्त करून लिलावापर्यंत न्यायची तर उतारे, जाहीरनामा, मूल्यांकन, हरकती आणि मग वर्षं. माझा पगार मात्र दर महिन्याला, ठरलेल्या कार्यालयातून, ठरलेल्या खात्यात. तुम्ही बँकेचे वकील असता तर काय केलं असतं?

2023 मध्ये बँकेने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकली. मला त्याची नोटीस नव्हती. हुकूमनाम्याला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दरखास्त आली तर आधी नोटीस काढायची सक्ती नाही, हे नंतर कळलं. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आलेलं पत्र पुढे सरकवलं. "मॅडम, हे कोर्टाचं आहे. पगारातून कापायला सांगितलंय." त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 नियम 48 खाली कोर्ट थेट पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला हुकूम देतं. त्याने न कापता पगार दिला तर ती रक्कम पगार देणाऱ्या सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्याच अंगावर येते. त्यामुळे ऑफिसात कुणाला गळ घालून काही होण्यासारखं नव्हतं.

किती कापायचं याचं सूत्र त्याच संहितेच्या कलम 60 मध्ये आहे. पगारातले पहिले 1,000 रुपये सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांशही सोडायचे आणि राहिलेला एक तृतीयांश जप्त. सरकारने जप्तीतून वगळलेले भत्ते हिशेबात धरत नाहीत. माझे हिशेबाला धरलेले 46,000. त्यातून 1,000 वजा, राहिले 45,000, त्याचा तिसरा हिस्सा 15,000. सोसायटीचा हप्ता, विम्याचा हप्ता, घरखर्च हे तुमचं तुम्ही उरलेल्यातून बघायचं. याच कलमात एक सवलत दडलेली आहे, आणि ती पगारदार जामीनदारांना सहसा ठाऊक नसते: एकाच हुकूमनाम्यापोटी पगार एकूण 24 महिने जप्तीत राहिला, की त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा सुटतो. माझ्या नवऱ्याने लगेच गुणाकार केला. 24 गुणिले 15,000 म्हणजे 3,60,000. "मग संपलं की," तो म्हणाला. वकील हसले. पगार सुटतो, देणं सुटत नाही. घर आहे, गाडी आहे, बँक तिकडे वळेल. हुकूमनामा 12 वर्षं जिवंत असतो.

आणि बँक खरंच तिकडेही वळली. एका सकाळी, शाळेला निघायच्या बेतात असताना, बेलिफ जप्ती वॉरंट घेऊन दारात. सोबत बँकेचा एक तरुण कर्मचारी, त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. बेलिफ पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. चप्पल बाहेर काढूनच आत आले. पाणी घेतलं, पॅडला कार्बन लावला आणि यादी करायला बसले: फ्रिज एक, टीव्ही एक, वॉशिंग मशीन एक, दुचाकी एक, नंबर अमुक. स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि आत न येताच म्हणाले, "भांड्याकुंड्यांचं, अंथरूण-पांघरुणाचं घाबरू नका. ते जप्तीत येत नाही." सासूबाईंनी तोवर माझा गळा पदराने झाकला होता. त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आजी, मंगळसूत्रालाही आम्ही हात लावत नाही. कायदाच तसा आहे." तो खरंच तसा आहे. धर्माच्या चालीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने कलम 60 ने वगळले आहेत. बाकीच्या सोन्याला हे संरक्षण नाही, हे मात्र त्यांनी सासूबाईंना सांगितलं नाही आणि मीही नाही.

पंचनाम्यावर पंच म्हणून शेजारचे काका आणि कोपऱ्यावरचा किराणावाला. त्या दिवशी वस्तू उचलल्या नाहीत, बँकेने मुदत दिली. पण पंचाची सही झाली म्हणजे गल्लीत जाहिरात झालीच. दुपारपर्यंत "मॅडमना अटक होणार" इथपर्यंत बातमी पोचली होती. ती मात्र साफ खोटी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, कलम 56 तसं स्पष्ट म्हणतं.

अटकेची धास्ती असली तर आप्पाला होती. मावशीचा फोन आला, रडत होती. "ताई, पोराला आत टाकतील का गं?" ती मला ताईच म्हणते, घरातल्या पोरांचं ऐकून. मी वकिलांना विचारून तिला कळवलं. पुरुषाला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, पण पैसे नाहीत एवढ्यावर नाही. ऐपत असून देत नाही किंवा मालमत्ता दडवतो, असं कोर्टापुढे यावं लागतं. 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालापासून हे पक्कं आहे. आणि कैद भोगली तरी कर्ज फिटत नाही. शेवटचं वाक्य मी मावशीला सांगितलं नाही.

पगार जात होता आणि मुद्दलाचा आकडा मात्र खाली येत नव्हता. चार वर्षांचं 12 टक्क्यांनी व्याज 2,30,400 झालं होतं. दाव्यातली रक्कम धरून 8,42,400, खर्च वेगळा. जप्तीचे पैसे आधी खर्चाला आणि व्याजाला जातात, मग मुद्दलाला. म्हणजे माझे 15,000 दर महिन्याला जात होते आणि 4,80,000 जिथल्या तिथे बसून दर महिन्याला आणखी 4,800 वाढवत होते. हा तक्ता वकिलांच्या कारकुनाने एका पाठकोऱ्या कागदावर करून दिला. त्यानंतर मी "आप्पा भरेल" हा विषय डोक्यातून काढला आणि तडजोडीचं बघायला लागले.

2024 मधल्या एका राष्ट्रीय लोकअदालतीत दरखास्त ठेवून घेतली. तिथे गर्दी वाहन चलनांची आणि वीजबिलांची. बँकांची टेबलं एका बाजूला मांडलेली. बँकेचे अधिकारी साडेसात लाखांवरून सुरू झाले. माझ्या वकिलांनी हातातला एकच पत्ता टाकला, 24 महिन्यांचा. पगार आणखी थोडे दिवस मिळेल, मग घराची जप्ती, हरकती, लिलाव, तेव्हा काय ते बघा. अधिकाऱ्यांनी बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन केला. शेवटी 6,20,000 वर ठरलं. त्यातले 1,20,000 पगारातून आधीच कोर्टात गेलेले, उरलेले पाच लाख 30 दिवसांत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी मजकूर मी दोनदा वाचला आणि एक ओळ घालून घेतली: रक्कम प्रतिवादी क्रमांक 2 ही जामीनदार या नात्याने भरत आहे.

ही ओळ का, ते सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. जामीनदाराने देणं फेडलं की करार कायद्याच्या कलम 140 प्रमाणे धनकोचे कर्जदारावरचे सगळे हक्क जामीनदाराकडे येतात. कलम 145 प्रमाणे योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागता येते. कलम 146 प्रमाणे सहजामीनदाराला त्याचा समान वाटा द्यावा लागतो. पण पावती कर्जखात्याच्या नावाने फाडली, रोखीने भरली, आप्पाच्या हातून भरली, की पुढे सिद्ध करत बसा पैसे कुणाचे. म्हणून पाच लाख माझ्या खात्यातून, डीडीने, आणि पावतीवर माझं नाव.

दुसरं टेम्पोचं. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज मिटलं की बँक फॉर्म 35 देते, तो आरटीओत नेला की बोजा उतरतो आणि गाडी मोकळी. म्हणजे पैसे मी भरायचे आणि फॉर्म 35 घेऊन आप्पा गाडी विकायला मोकळा! डीडी द्यायच्या आधी मी शाखेत लेखी अर्ज दिला की कलम 140 खाली तारणाचा हक्क आता माझ्याकडे येतो, सबब फॉर्म 35 आणि ना-हरकत कर्जदाराला देऊ नये, तारणाची कागदपत्रं माझ्या ताब्यात द्यावीत. शाखाधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतोय." पोच मात्र दिली, शिक्का मारून. आठवड्याभराने त्यांच्या विधी विभागाचं उत्तर आलं की अर्जदाराचं म्हणणं मान्य.

पाच लाख कुठून आणले? शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज काढलं. त्यालाही दोन जामीनदार लागतात. माझ्याच शाळेतल्या दोघींनी सह्या केल्या. मी त्यांना आधी हमीपत्र शब्दन्‌शब्द वाचायला लावलं. एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही असं वाचून दाखवायला लागलात तर सोसायटी बंद पडेल."

पैसे भरले म्हणजे संपलं, असंही नाही. कोर्टाबाहेर बँकेला दिलेली रक्कम कोर्टाच्या नोंदीवर आली नाही तर दरखास्तीचं कोर्ट ती धरतच नाही. बँकेने स्वतःहून कळवलं तर ठीक, नाहीतर आपण 30 दिवसांत अर्ज द्यायचा. बँकेच्या वकिलांची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, येता येईना. मी तारीख बघून स्वतः अर्ज टाकला आणि मग पुढच्याच तारखेला पूर्ण फेडीची पुरसिस आली, दरखास्त निकाली निघाली. तरी त्या महिन्याच्या पगारातून 15,000 कापले गेलेच, कारण जप्ती उठल्याचं पत्र ऑफिसात पोचलं नव्हतं. ते पत्र कोर्टाच्या नाझर विभागातून हातोहात घेऊन मीच पोचवलं. जास्त गेलेले पैसे कोर्टातून परत मिळाले, अर्ज आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर.

यानंतर मी वसुलीच्या दुसऱ्या बाजूला आले. माझ्या डोक्यात होतं की तोच हुकूमनामा माझ्या नावावर करून घ्यावा आणि आप्पावर दरखास्त लावावी. वकील म्हणाले, नको. अनेकांविरुद्धचा पैशाचा हुकूमनामा त्यांच्यापैकीच एकाच्या नावावर झाला तर इतरांविरुद्ध बजावता येत नाही, असं परंतुक ऑर्डर 21 नियम 16 ला आहे. जामीनदाराला ते लागतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा नवा दावा सरळ. मुदत तीन वर्षं, आणि ती मी पैसे भरल्यापासून मोजायची.

बागायतदारांना आधी नोटीस पाठवली. 6,20,000 चे निम्मे 3,10,000. ते स्वतः घरी आले, मुलाला घेऊन. "मॅडम, बँक तुमच्याकडे गेली म्हणून मी वाचलो, हे मला कळतं. पण एकदम नाही जमायचं." बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, येईल तसे देतो म्हणाले. व्यवस्थित स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि आतापर्यंत दीड लाख दिलेत. आप्पाकडून काही वसूल झालं तर त्यांचा हिस्सा त्यांना परत, हेही त्यात आहे.

आप्पावर दावा टाकलाय. त्याची कैफियत आली, तिच्यात लिहिलंय की ताईंनी पैसे स्वखुशीने भरले, मी भरायला सांगितलं नव्हतं. वाचून मी रागावले, मग हसूही आलं. सात वर्षांत पहिल्यांदाच तो कुठल्या तरी कोर्टात हजर झाला होता. बचाव म्हणून तो टिकायचा नाही, हुकूमनाम्यावर आणि पगाराच्या जप्तीवर भरलेले पैसे स्वखुशीचे कसे होतील? मावशीकडे आमचं जाणं-येणं चालू आहे. दाव्याचा विषय तिच्या घरात कुणी काढत नाही.

टेम्पो सापडला, बेळगावजवळच्या एका गॅरेजमध्ये. फिटनेस संपलेला, पुढचे टायर गायब. गॅरेजवाल्याचं भाडं थकलंय, ते मागतोय. व्हॅल्युअरने दीड लाखाच्या आसपास किंमत काढली. कोर्टाने तो विकायची परवानगी द्यावी म्हणून अर्ज ठेवलाय आणि आप्पाच्या वकिलांनी त्यावर म्हणणं देण्यासाठी मुदत मागितली आहे.